कोंबड्यांच्या ‘सर्व रोगांवर एकच बाटली’ विकणाऱ्यापासून सावध राहा

जंत, उवा, लाल माइट नावाची बारीक कीड आणि रक्ती हगवण या सगळ्यांवर एकच औषध चालतं असं सांगून कुणी बाटली विकत असेल, तर ती घेऊ नका. अशाच बाटलीच्या भरवशावर माझी कोंबडी चंपा गेली.

चंपा हाक मारली की धावत यायची. तिचा लालभडक तुरा फिका पडू लागला, अंडी थांबली, आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायला ती तयार होईना. मोबाइलवरच्या जाहिरातीतल्या विक्रेत्याने तुऱ्याचे आणि शिटेचे फोटो मागवले. लगेच निदान आलं, ‘पोटात जंत झालेत.’ जंतांची अंडी फोटोत दिसत नाहीत. त्यासाठी शीट सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

बाटलीवर ‘शंभर टक्के वनौषधी’ एवढं ठळक छापलेलं. घटक, बॅच नंबर, मुदत, औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, यातलं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘आमचा घराण्यातला गुप्त पाठ (औषधाची कृती) आहे.’ तुरा आणखी पांढरा पडल्यावर त्याने ऐकवलं की जंत बाहेर पडताना अशक्तपणा येतोच, डोस दुप्पट करा. म्हणजे दुसरी बाटली घ्या! एका सकाळी चंपा खुराड्यातल्या बसायच्या दांडीखाली मेलेली सापडली.

पशुवैद्यकांनी उरलेल्या कोंबड्या तपासल्या आणि रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या फटी बघायला सांगितलं. फटी लाल माइटने भरलेल्या होत्या. ही कीड दिवसा लाकडात दडते आणि रात्री कोंबडीचं रक्त पिते. म्हणूनच तुरा पांढरा पडत होता, म्हणूनच चंपा खुराड्याला घाबरत होती. तिला खुराड्यातून हलवून फटी साफ केल्या असत्या तर ती वाचू शकली असती, असं डॉक्टर म्हणाले. त्या विक्रेत्याने नेमका तोच वेळ खाल्ला, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

खरी औषधं इतकी सर्वगुणी नसतात. पायपराझिन हे जंतांचं औषध गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर (फितीसारख्या चपट्या जंतांवर) नाही. रक्ती हगवण तर जंतांमुळे होतच नाही, तिचे परजीवी एकपेशीय असतात आणि त्यांचं औषधही वेगळं. ‘वनौषधी’ या शब्दावरही विसंबू नका. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटवरच्या, वनस्पतिजन्य म्हणून विकलेल्या द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक निघालं होतं. अंडी-मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांवर ते वापरायला तिथे मनाई आहे. लाखो अंडी बाजारातून काढून टाकावी लागली.

आता आमच्याकडे दांड्या काढून, फटी खरवडून, पशुवैद्यकांनी लिहून दिलेलं औषध खुराड्यावर मारलं आहे. उष्ण हवेत या किडीची नवी पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते. खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही, रक्ताविना ती कित्येक महिने तग धरते.

विक्रेत्याला चंपाचं कळवलं तेव्हा ‘तुमची कोंबडीच कमजोर होती’ एवढं म्हणून त्याने माझा नंबर ब्लॉक केला. तीच बाटली आता वेगळ्या नावाने जाहिरातीत दिसते आहे. लेबलवर घटक नाहीत आणि ‘गुप्त पाठ’ तेवढा आहे.