उत्तर मुंबई की वायव्य मुंबई?

पश्चिम उपनगरांचा राजकीय इतिहास कुठून वाचायला घ्यावा, याची माझी निवड ठरलेली आहे: वायव्य मुंबई हा लोकसभा मतदारसंघ. उत्तर मुंबईचं पारडं वरवर जड दिसतं. तिथून राम नाईक १९८९ ते १९९९ सलग पाच निवडणुका जिंकले, रेल्वे राज्यमंत्री झाले, मग पेट्रोलियम मंत्री. वसईपासून लोकलने येणाऱ्या नोकरदारांच्या या मतदारसंघाने २००४ मध्ये त्यांच्याऐवजी गोविंदाला निवडलं. २०१४ पासून मात्र भाजपचे विजय लाखांच्या फरकाने होताहेत.

वायव्य मुंबईत असा एकसुरीपणा कधीच टिकला नाही. १९७७ आणि १९८० मध्ये राम जेठमलानी, १९८४ मध्ये त्यांना हरवून सुनील दत्त, १९९६ आणि १९९८ मध्ये शिवसेनेचे मधुकर सरपोतदार, पुन्हा दत्त. एकाच मतदाराने इतक्या वेगळ्या माणसांवर विश्वास टाकला, हे मला फार मोलाचं वाटतं. दत्तांच्या निधनानंतर २००५ च्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रिया दत्त आल्या.

२००८ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, त्या पुनर्रचनेने दोन्हीकडे घाव घातले. उत्तर मुंबईतून वसई गेली, तर वायव्य मुंबईतून वांद्रे. आता ही जागा अंधेरी ते दिंडोशी अशी आहे. त्यामुळे जुने आकडे नव्या सीमांना चिकटवून निष्कर्ष काढू नयेत. आणि मत वाया जातं म्हणणाऱ्यांना २०२४ चा निकाल जरूर दाखवा: रवींद्र वायकर इथे अमोल कीर्तिकरांविरुद्ध अवघ्या ४८ मतांनी जिंकले.