रोज धुवायची फरशी: इपॉक्सी की पीयू काँक्रीट?

डेअरी, लोणची, फरसाण असल्या युनिटच्या फरशीसाठी बहुधा दोन कोटेशनं टेबलावर येतात. एक २ ते ३ मिमी सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सीचं, म्हणजे ओतली की आपोआप सपाट पसरणाऱ्या रेझिनच्या थराचं, दुसरं ६ मिमी पीयू (पॉलियुरेथेन) काँक्रीटचं. दुसऱ्याचा आकडा बघून मालक पहिल्यावर बोट ठेवतो. फरशी कोरडी राहणार असेल तर त्यात काही चूक नाही. वरच्या मजल्यावरचा पॅकिंग हॉल किंवा कोरडं गोदाम असेल तर इपॉक्सीच बरी. चकाकी असते, हवा तो रंग मिळतो, पोछा फिरवला की काम झालं. पीयू मॅट आणि खरखरीत असतं, त्यात पोछ्याचे धागे अडकतात. त्याला ब्रशनंच घासावं लागतं.

प्रश्न येतो तो तळमजल्यावर, जिथे पाइप लावून फरशी धुतात.

तिथे इपॉक्सीला फोड येतात. काम झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षानं. नाण्याएवढे, टणक, टिचकी मारली की पोकळ वाजणारे. सुई टोचली की आतलं चिकटसर पाणी दाबानं बाहेर येतं. जुन्या कोब्याखाली प्लास्टिक अंथरलेलं नसतं, त्यामुळे जमिनीतली ओल वर चढते. काँक्रीटमधले क्षार प्रायमरखाली साठतात, ते आणखी पाणी ओढतात आणि थर उचलला जातो. दुरुस्तीवाले फोड कटरनं कापतात, इपॉक्सी मोर्टार भरतात, वरून रोलर मारतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच ठिगळाच्या कडेनं नवे फोड. ओल गेलेली नसतेच, शेजारून वर येते एवढंच. दुरुस्ती करूनही न संपणाऱ्या या एका कटकटीमुळे माझा कौल ही ओल सोसणाऱ्या पीयू काँक्रीटकडे झुकतो.

अर्थात इपॉक्सी सुटली म्हणजे ओलच, असं नाही. निघालेला पापुद्रा उलटा करून बघा. मागे राखाडी भुकटी चिकटली असेल तर ग्राइंडिंग वरवरचं झालं, सिमेंटची साय, म्हणजे काँक्रीटवरचा कच्चा थर, तशीच राहिली. दोन थरांमध्येच गुळगुळीत सुटला असेल तर पहिल्या थरावर दमट हवेत तेलकट, पांढुरकी झाक धरली होती. ती थिनरनं पुसून जात नाही, उलट पसरते. कोमट पाणी आणि साबणानं घासून, वाळवून, मगच पुढचा हात द्यायचा. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन जमते) किमान ३ अंशांनी जास्त नसेल तर त्या दिवशी डबा उघडूच नये. जागोजागी मऊ, चिकट ठिपके राहिले असतील तर डब्याच्या कडेचं नीट न ढवळलेलं मटेरियल खरवडून ओतलेलं असतं. टाचणीएवढी भोकं दिसली तर काम सकाळी, फरशी तापत असताना झालं असावं. काँक्रीटमधली हवा फुगून वर येते, म्हणून संध्याकाळी फरशी निवत असताना ओतलेलं बरं. हे सगळे दोष निस्तरता येतात. खालून येणारी ओल मात्र नाही.

गरम पाण्याचंही तेच. कढई उपसून कढत पाणी गटाराच्या जाळीकडे लोटलं की इपॉक्सी काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त पसरते, आणि साधारण ६० अंशांच्या आसपास मऊही पडते. जाळीच्या कडेपासून सुटायला सुरुवात होते. पीयू काँक्रीट जवळपास काँक्रीटच्याच प्रमाणात पसरतं. ६ मिमी बहुतेक ठिकाणी पुरतं, रोज वाफ मारणार असाल तर ९ मिमी घ्या. ताक-दह्याच्या आंबटपणालाही ते जास्त दाद देत नाही.

पीयूचे स्वतःचे नखरे आहेतच. मिसळल्यावर पंधराएक मिनिटांत लावून संपवावं लागतं, नाहीतर थापीचे वळ कायमचे राहतात. फिकट रंग पिवळा पडतो, म्हणून विटकरी किंवा गडद करडा घ्यावा. आणि भिंत, खांब, जाळी यांच्या कडेनं थराच्या दुप्पट रुंद, दुप्पट खोल खाच मारायलाच हवी, म्हणजे ६ मिमीला १२ बाय १२. सुकताना थर आकसतो, खाच नसेल तर कडा उचलतात. खाच मारण्यात दिवस जातो, म्हणून कंत्राटदार ती गाळतात. मटेरियल पडण्याआधी स्वतः टेप लावून मोजा.

तरीही इपॉक्सीच करायची असेल तर आधी ४५ सेंमी चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवून १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपटलं तर बेत सोडा. ही चाचणी एप्रिलमध्ये पास झाली म्हणून हुरळू नका, जमलं तर ऑगस्टमध्ये घ्या.

आणि कोटेशनवर नुसतं ‘पीयू’ लिहिलेलं असेल तर जाडी विचारा. रोलरनं मारायचा पातळ पीयू कोटही त्याच नावानं खपतो. पीयू काँक्रीटमध्ये रेझिन आणि हार्डनरसोबत सिमेंट-वाळूच्या भुकटीची गोणी असते. साइटवर गोणी उतरली नाही तर काम थांबवा.