विंडोजवर ‘मेक’ चालवायचंय: डब्ल्यूएसएल, एमएसवायएस-टू की सिगविन?

सोर्स कोड उतरवला की सूचना तीनच ओळींच्या असतात: आधी कॉन्फिगर (मशीनवर काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट), मग मेक (कोडचं बिल्ड करणारं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं अवजार), मग मेक इन्स्टॉल. त्या लिहिणाऱ्याने युनिक्स गृहीत धरलेलं असतं आणि तुमच्यासमोर असतो विंडोजचा लॅपटॉप. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत सर्व्हरचं काम करणारे, वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत कारखान्यांसाठी विंडोज सॉफ्टवेअर बनवणारे आणि आठ जीबी रॅमवर प्रोजेक्ट उरकणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, सगळे इथे अडतात. ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ हे विचारण्याआधी एकच ठरवा: बिल्ड होऊन निघालेली फाइल शेवटी कुठे चालणार आहे?

लिनक्स सर्व्हरवर चालणार असेल तर डब्ल्यूएसएल-टू (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) घ्या, फार घोळ घालू नका. 2016 साली आलेलं पहिलं डब्ल्यूएसएल लिनक्सच्या हाका (सिस्टिम कॉल) विंडोजला समजतील अशा करून द्यायचं. 2020 पासूनचं दुसरं खरा लिनक्स कर्नलच हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतं. त्यामुळे कॉन्फिगर, मेक, जीसीसी हा कंपायलर, सगळं सर्व्हरवर वागतं तसंच वागतं. विंडोजची होम आवृत्तीही चालते. अ‍ॅडमिन म्हणून पॉवरशेल उघडायचं, ‘डब्ल्यूएसएल’ला ‘इन्स्टॉल’चा पर्याय द्यायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं, की उबुंटू तयार. इथेच व्हर्च्युअल मशीन सुरू न झाल्याचा एरर आला, तर बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी बघा.

डब्ल्यूएसएल हळू चालतं ही तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच: कोड सी ड्राइव्हवर ठेवलेला असतो आणि बिल्ड लिनक्सच्या बाजूने चाललेलं असतं. मग प्रत्येक फाइल उघडताना दोन सिस्टिममधला पूल ओलांडावा लागतो. बिल्डमध्ये बारीक फाइली हजारोंनी असतात, तिथे हा फरक डोळ्यांत भरतो. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये क्लोन करा. एक्सप्लोररमधून तो तसाही दिसतो.

दुसरी अडचण मेमरीची. मर्यादा घातली नाही तर डब्ल्यूएसएल-टू एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार तिकडे गेले, वर ब्राउझर उघडा असला, की मशीन रडायला लागतं. युजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी तीन जीबीवर बांधा, मेकला एका वेळी दोनच कामं द्या आणि डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. डिस्कचंही असंच आहे. लिनक्समधल्या फाइली पुसल्या तरी विंडोजवरची व्हर्च्युअल डिस्क आपोआप आकसत नाही. डब्ल्यूएसएल बंद करून डिस्कपार्ट या विंडोजच्या अवजाराने ती दाबावी लागते.

ऑफिसचं व्हीपीएन लावल्यावर उबुंटूला एकही सर्व्हर सापडेनासा झाला, तर दोष बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा असतो. विंडोज 11 च्या 22एच2 पासून त्याच कॉन्फिग फाइलमध्ये नेटवर्किंग ‘मिरर्ड’ करता येतं, त्याने बऱ्याचदा काम भागतं.

आता दुसरी बाजू. माल विंडोजच्याच गिऱ्हाइकाला द्यायचा असेल, तर डब्ल्यूएसएलमधलं साधं जीसीसी उपयोगाचं नाही. त्यातून निघतो लिनक्सचा प्रोग्रॅम. उबुंटूत मिंगडब्ल्यूचा क्रॉस-कंपायलर (लिनक्सवर बसून विंडोजचा प्रोग्रॅम बनवणारा) मिळतो, पण टेस्ट शेवटी विंडोजवरच करायच्या असतात. त्यात प्रोग्रॅमला मशीनशी सीरियल पोर्टवरून बोलायचं असेल, तर डब्ल्यूएसएल-टूला यूएसबी थेट दिसतच नाही, ‘यूएसबीआयपीडी’ हे जोडणारं अवजार मधे घालावं लागतं. एमआयडीसीतल्या कामाला आम्ही सरळ एमएसवायएस-टू सुचवू.

एमएसवायएस-टू म्हणजे बॅश, मेक आणि पॅकमन हा पॅकेज मॅनेजर, सोबत अस्सल विंडोजचे प्रोग्रॅम बनवणारे कंपायलर. इन्स्टॉल झाल्यावर पॅकमनने पूर्ण अपडेट करा. तो मध्येच खिडकी बंद करायला सांगतो. करा, पुन्हा उघडा आणि तेच अपडेट परत चालवा, कारण पहिल्या फेरीत फक्त गाभा बदलतो. मग यूसीआरटी64 ची टूलचेन (कंपायलर-लिंकरचा संच) घ्या. स्टार्ट मेनूत पाच-सहा आयकॉन दिसतात, तिथेच बरेच जण फसतात. ‘एमएसवायएस’ नावाच्या खिडकीत बिल्ड केलं तर प्रोग्रॅम एमएसवायएसच्या डीएलएलवर (प्रोग्रॅमला चालताना लागणारी जोडफाइल) अवलंबून राहतो. प्रॉम्प्टमध्ये यूसीआरटी64 लिहिलेलं दिसलं तरच पुढे जा.

पुढची ठेच हमखास लागते. सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम तुमच्या खिडकीत नीट चालतो, गिऱ्हाइकाच्या मशीनवर डबल-क्लिक केल्यावर ‘लिबजीसीसी’ किंवा ‘लिबएसटीडी-सी-प्लस-प्लस’ची डीएलएल सापडत नाही म्हणतो. त्या डीएलएल एमएसवायएसच्या फोल्डरमध्ये असतात आणि तुमच्या खिडकीच्या पाथमध्ये (प्रोग्रॅम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत) तो फोल्डर असतो, म्हणून तुम्हाला कळत नाही. एलडीडी चालवून लागणाऱ्या डीएलएलची यादी काढा, विंडोज फोल्डरबाहेरच्या सगळ्या डीएलएल प्रोग्रॅमशेजारी ठेवा, किंवा लिंक करताना ‘स्टॅटिक’ द्या, म्हणजे तो कोड प्रोग्रॅममध्येच भरला जातो.

आणखी एक खोड: हे बॅश तिरप्या रेषेने सुरू होणाऱ्या शब्दाला फाइलचा पत्ता समजून विंडोजच्या पत्त्यात बदलतं. विंडोजच्या सीएमडीला ‘/सी’ हा पर्याय दिला की त्याच्यापर्यंत पोचतो सी ड्राइव्हचा पत्ता. तिरपी रेष दोनदा द्या, भागतं.

सिगविन 1995 पासून आहे आणि युनिक्सची नक्कल करण्यात आजही सगळ्यात काटेकोर आहे. पण ती नक्कल महाग पडते. चालू प्रोसेसची प्रत काढणारा युनिक्सचा ‘फोर्क’ विंडोजवर नाही, म्हणून सिगविन नवी प्रोसेस उघडून जुनीची मेमरी तिच्यात उतरवतं. कॉन्फिगर शेकडो बारीक चाचण्या घेतं, प्रत्येक चाचणीला दोन-चार प्रोसेस लागतात आणि अँटिव्हायरस प्रत्येक प्रोसेसच्या आडवा येतो. एमएसवायएस-टूचं बॅशही सिगविनच्याच वंशातलं, त्यामुळे तिथेही कॉन्फिगर रेंगाळतं. कॉन्फिगरला मोठ्या सीचा पर्याय देऊन कॅश ठेवली तर निदान दुसरी फेरी लवकर आटपते. नवीन काम सिगविनवर सुरू करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. जुना प्रोजेक्ट फोर्क-टर्मिनलवर अडून बसला असेल तरच.

पुष्कळदा भाषेने निवड आधीच केलेली असते. रूबीचा डेव्हकिट आणि आर या भाषेचं आरटूल्स यांत एमएसवायएस-टूचीच अवजारं आहेत. ओकॅमल भाषेचं ओपॅम 2.2 पासून विंडोजवर थेट चालतं, पण आतून सिगविन वापरतं. पायथनची सीमधली एक्स्टेन्शन आणि नोडची नेटिव्ह मॉड्यूल मात्र व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स मागतात. तिथे मिंगडब्ल्यूने झुंजत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे हक्क नसतील तर डब्ल्यूएसएलसाठी आयटी विभागाकडे तिकीट टाकावंच लागेल. एमएसवायएस-टूची स्वतः उलगडणारी फाइल मिळते आणि सिगविनच्या सेटअपला अ‍ॅडमिन नको असं सांगता येतं. तरी कंपनीच्या धोरणात बसतं का ते विचारून घ्या.

कुठलाही मार्ग घेतलात तरी फोल्डरचं नाव सांभाळा. ‘सायली पाटील’ अशा युजर फोल्डरमध्ये मेक मोकळ्या जागेवर तुटतं. नाव देवनागरीत असेल तर आणखी कठीण, कारण विंडोजवर देवनागरीला सिस्टिमभर चालणारं जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाही. युनिकोड न समजणाऱ्या अवजारांना तिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. सी ड्राइव्हवर इंग्रजी लहान अक्षरांतलं आखूड नाव बरं. गिटने ओळींचे शेवट बदलले तर शेल स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून मरते. गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल फाइलींना एलएफ (युनिक्सचा ओळीचा शेवट) ठरवून टाका. आणि एमएसवायएस-टू किंवा सिगविनचे फोल्डर विंडोजच्या कायमच्या पाथमध्ये सगळ्यांत वर घालू नका: ‘फाइंड’, ‘सॉर्ट’ आणि ‘लिंक’ या नावांचे प्रोग्रॅम दोन्हीकडे आहेत, आणि व्हिज्युअल स्टुडिओच्या लिंकरऐवजी युनिक्सचं ‘लिंक’ चाललं की येणाऱ्या एररवरून खरं कारण ओळखणं मुश्किल होतं.