ऐन हळदीच्या हंगामात बंद पडलेलं 'आमच्या टीमनं बनवलेलं' सॉफ्टवेअर

सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझी छोटी लॅब आहे. काम मुख्यतः हळदीचं. व्यापारी पुडीत पावडर आणून देतात, आम्ही त्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती ते सांगतो. कुरकुमिन ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा (निळा-जांभळा) प्रकाश सणकून शोषतं, त्या एका आकड्यावर आमचं घर चालतं.

दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ओशन ऑप्टिक्स कंपनीचा जुना यूएसबी ४००० स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती ते मोजणारं यंत्र, घेतला. यंत्र उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. "सॉफ्टवेअर मात्र आमच्या टीमनं बनवलंय साहेब," असं सांगून त्यानं ३८ हजार वेगळे घेतले आणि वर दरसाल १२ हजार 'कॅलिब्रेशन फाइल नूतनीकरण'. मेनू मराठीत होता, त्यावरच भाळलो म्हणा ना.

यंदा मार्चमध्ये सौदे जोरात असताना सकाळी स्क्रीनवर आलं, 'मुदत संपली'. टेबलावर सात पुड्या, समोर व्यापारी घड्याळ बघतोय. विक्रेत्याला फोन केला तर नूतनीकरणाचे १२ चे २० हजार झालेले!

संध्याकाळी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा भाचा आला. त्यानं सॉफ्टवेअरचा फोल्डर उघडला. आत पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फायली, त्यात असे स्पेक्ट्रोमीटर चालवणारं 'सीब्रीझ' नावाचं फुकट मिळणारं ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) पॅकेज आणि त्याच्या एमआयटी लायसन्सचा, म्हणजे वापराच्या परवान्याचा, मजकूर. विक्रेत्या पठ्ठ्यानं तो पुसायचेही कष्ट घेतले नव्हते.

आता, हे विकणं बेकायदा नाही बरं का. त्या लायसन्सनुसार असं पॅकेज विकायला मोकळीक आहे, मूळ लेखकांची नोंद आणि लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत ठेवायचा. मेनू मराठीत केला, येऊन बसवून दिलं, याचे पैसे मी आनंदानं दिले असते. पण दरसालची ती 'कॅलिब्रेशन फाइल' शुद्ध थाप होती. यंत्रातल्या सेन्सरच्या कुठल्या पिक्सेलवर (ठिपक्यावर) कुठली तरंगलांबी पडते हे काढायचे आकडे, म्हणजे गुणांक, यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत असतात आणि सीब्रीझ ते तिथूनच वाचतं. भाच्यानं आपल्या लॅपटॉपवर दहाएक ओळी लिहिल्या आणि ३६४८ पिक्सेलचे आकडे धडाधड आले. तरी माझा विश्वास बसेना. मग यंत्रात प्रकाश नेणाऱ्या फायबरचं टोक ऑफिसातल्या जुन्या सीएफएल दिव्यासमोर धरलं. त्यातल्या पाऱ्याची हिरवी रेघ ५४६.१ नॅनोमीटरला असते; आमची ५४६.३ ला आली. नूतनीकरण न करता.

पैशापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. दोन हंगामांची सगळी रीडिंग्ज विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच्या कुलूपबंद फायलींत साठवली होती, दुसऱ्या कशातच उघडत नाहीत. गेल्या वर्षीच्या मालाशी तुलना मागायला गिऱ्हाईक आलं की मी छापील रिपोर्टांचे गठ्ठे उपसत बसतो. म्हणून सांगतो, विक्रेत्याला डेमोलाच म्हणा, "एक रीडिंग साध्या टेक्स्ट फायलीत काढून दाखव आणि यात ओपन सोर्स काय काय आहे ते लिहून दे." कुरकुर करायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

वकिलांकडे बिल घेऊन गेलो. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात सॉफ्टवेअर कुठाय?" बिलावर फक्त 'सर्व्हिस चार्ज' लिहिलंय.