सेंट थॉमसची अंगठी: जोडीनं क्रूझला निघालेल्यांसाठी

आधी अंगठीचंच सांगते. सहा ग्रॅम वजन, चौदा कॅरट सोनं, मधे टांझानाइटचा निळसर जांभळा खडा, भोवती बारीक हिरे. बिल 2,950 डॉलरचं. लक्ष्मी रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सराफांनी भिंग डोळ्याला लावलं, अंगठी काट्यावर ठेवली, पुन्हा भिंग लावलं आणि म्हणाले, "वहिनी, ओढूनताणून साठ हजार."

त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच जास्त लागतं. सोनं खरं, हिरे खरे, खडा खरा. कागदही सगळे खरे. तरीही आम्ही फसलो, आणि तेही माझ्यासारखी बाई सोबत असताना. मी 34 वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. कर्जदारानं आणलेल्या मूल्यांकनाच्या कागदाकडे मी तेव्हा ढुंकूनही बघत नसे. बँकेच्या पॅनेलवरचे सराफ येणार, दागिना घासून बघणार, मगच पुढचं बोलणं. आणि इथे मी विकणाऱ्याच्याच हातचं सर्टिफिकेट पर्समध्ये जपून घालून आले.

जानेवारी 2024 ची गोष्ट. आमच्या लग्नाला 35 वर्षं झाली म्हणून अमेरिकेतल्या मुलीनं आम्हा दोघांना कॅरिबियन क्रूझ दिली. सात रात्री. फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, नासाऊ, सेंट थॉमस, सेंट मार्टिन करून पुन्हा तिथेच यायचं. समुद्र सुंदर, जेवण भरपूर, शाकाहारी लोकांची अजिबात उपासमार होत नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एक दिवस जहाज नुसतं समुद्रात होतं. थिएटरमध्ये 'शॉपिंग टॉक' होता. आम्हाला वाटलं, बंदरांची माहिती सांगतील. एक चुणचुणीत मुलगी तासभर बोलली आणि शेवटी सगळ्यांना नकाशे वाटले. नकाशावर गावातल्या चर्चचा, किल्ल्याचा पत्ता नाही. नुसती दुकानं, त्यातल्या काहींवर ठळक खूण. ही 'शिफारस केलेली' दुकानं, इथे घेतलं तर हमी. सोबत फुकट पेंडंटची कुपनं. नकाशाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की या दुकानांनी प्रसिद्धीसाठी पैसे भरलेले आहेत. ते मी वाचलं पुण्याला आल्यावर, चाळिशीचा चष्मा लावून. शिफारस म्हणजे जाहिरात, एवढंच.

त्या तासात त्या मुलीनं टांझानाइटचं नाव निदान वीसदा घेतलं असेल. हिऱ्यापेक्षा हजार पटीनं दुर्मीळ, एकाच खाणीत मिळतो, खाण संपत आली, घेऊन ठेवा. यातलं खरं एवढंच: हा खडा 1967 साली टांझानियात सापडला आणि आजही त्याची खाण फक्त तिथल्या मेरेलानी टेकड्यांमध्येच आहे. एकाच ठिकाणी मिळतो म्हणजे महाग असलाच पाहिजे असं मात्र नाही. जमिनीतून निघताना तो बहुतेक वेळा तपकिरी असतो, भट्टीत तापवून निळा होतो. ती सर्वमान्य प्रक्रिया आहे, त्यात लबाडी नाही. रंग जितका गडद तितकी किंमत जास्त. आमचा खडा फिका होता. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली तो फिका दिसत नव्हता.

सेंट थॉमसला आमचं जहाज हॅवनसाइटच्या धक्क्याला लागलं. तिथून शार्लट अमाली या मुख्य गावाचा बाजार दोन-अडीच किलोमीटर असेल. उघड्या ट्रकवर बाकडी टाकलेल्या 'सफारी' टॅक्सीनं गेलो. सेंट थॉमस आणि शेजारची बेटं 1917 साली अमेरिकेनं डेन्मार्ककडून विकत घेतली, म्हणून मेन स्ट्रीटचं जुनं डॅनिश नाव अजून पाटीवर दिसतं: ड्रॉनिंगेन्स गाडे, म्हणजे राणीचा रस्ता. दगडी भिंती, कमानीचे दरवाजे, एके काळची व्यापाऱ्यांची गोदामं. आता जिकडे बघावं तिकडे दागिने आणि घड्याळं. पाट्यांवर आपल्याकडची आडनावं बघून गंमत वाटते. कितीतरी सिंधी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे व्यापार करताहेत.

फुकट पेंडंट घ्यायला आम्ही आत शिरलो. काचेआडचा मुलगा तिशीचा. आमचं आपसातलं बोलणं कानावर पडलं तशी त्यानं मान वर केली.

"या या, काका-काकू! पुण्याचे का?"

सात समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाच्या कानावर मराठी पडलं की काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. पोरगा ठाण्याचा. आई नौपाड्यात असते म्हणे. चार दिवसांवर संक्रांत आली होती, म्हणाला, "काकू, इथे तिळगूळ कुठला, आता तुम्हीच गोड बोला." मी हसले. हे तर त्याच्या आईवडिलांची चौकशी करायला लागले.

पुढे काय झालं ते आम्हाला त्या रात्री जेवणाच्या टेबलावर, एकमेकांशी बोलल्यावर कळलं. मला एका मुलीनं खुर्ची दिली, हातात थंड सरबत दिलं आणि ब्रेसलेटं दाखवायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यानं यांना काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेलं. यांना सांगितलं, "काकूंची नजर या अंगठीवरून हलत नाहीये, पण त्या स्वतःहून कधी म्हणणार नाहीत." मग माझ्याकडे येऊन हळूच, "काकांनी मनात धरलंय. नाही म्हणू नका, त्यांना वाईट वाटेल." मी त्या अंगठीकडे धड पाहिलंही नव्हतं. यांनी मनात काहीच धरलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात एकमेकांचं मन मोडायचं नाही ही आमची सवय, आणि तीच त्यानं आमच्यावर वापरली. एकटी गेले असते तर रिकाम्या हातानं बाहेर पडले असते, याबद्दल मला शंका नाही.

लेबलवर 6,800 डॉलर. कॅल्क्युलेटरवर आकडे टाकत तो 4,200 वर आला, मग 3,500. मग आत जाऊन 'मालकांशी' बोलून आला आणि 2,950 म्हणाला. "फॅमिली प्राइस आहे, बाहेर बोलू नका." वर 6,900 डॉलरचं मूल्यांकन सर्टिफिकेट. "म्हणजे काकू, तुम्ही इथेच चार हजार कमावले!"

खड्याची पारख प्रयोगशाळा करते. जीआयएसारख्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर वजन, मापं, रंग, केलेली प्रक्रिया हे सगळं असतं. किंमत कधीच नसते. ज्या कागदावर डॉलरचा आकडा छापलेला आहे आणि जो विकणाराच देतोय, तो कागद म्हणजे त्याच्या लेबलचीच दुसरी प्रत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो कागद हातात घेतल्यावर पोटात काहीतरी हललंही. पण यांचा चेहरा इतका खुलला होता की मी गप्प बसले.

शिवाय घड्याळ. जहाजावर साडेचारला परत यायचं होतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झालेले, आमच्या मोबाइलवरही तेच. मी म्हटलं, आपण जाऊ, विचार करू. तो म्हणाला, "करा ना काकू, पण मग परत यायला वेळ नाही उरणार, टॅक्सीला रांग असते." घाईघाईत कार्ड दिलं. धापा टाकत धक्क्यावर आलो तर रांग नाही, गर्दी नाही. आमचं जहाज फ्लोरिडाच्या वेळेनं चालत होतं आणि हिवाळ्यात सेंट थॉमसचं घड्याळ फ्लोरिडाच्या तासभर पुढे असतं. आमच्या हातात चांगले दीड-दोन तास होते. रोज जहाजांवरच्याच गिऱ्हाइकांवर दुकान चालवणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. मोबाइल बेटाची वेळ आपोआप दाखवतो, म्हणून जुनं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून सोबत ठेवा. उलट बाजूनंही हा गोंधळ होऊ शकतो, आणि स्वतःहून बाहेर भटकणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. थांबतं ते जहाजानंच काढलेल्या सहलीवर गेलेल्यांसाठी.

कार्डाच्या यंत्रावर डॉलर की रुपये असा प्रश्न आला होता म्हणे. त्यानंच बटण दाबलं. "काका, रुपयांत केलं, तुम्हाला सोपं." तेव्हा डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता, त्या हिशोबानं 2,45,000 व्हायला हवे होते. खात्यातून गेले 2,57,000. पावतीवर यंत्रानं लावलेला चढा दर छापलेला होता, खाली यांची सही होती. परदेशात यंत्रानं विचारलं तर तिथलंच चलन निवडायचं, हे मी शाखेत बसून शेकडो खातेदारांना सांगितलंय.

दुकानावर मोठ्या अक्षरांत 'ड्यूटी-फ्री' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ त्या बेटावर ड्यूटी नाही, मुंबईत नाही असा होत नाही. मी अंगठी बोटात घालून, काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या हिरव्या मार्गानं सरळ बाहेर पडू शकले असते. तसा सल्ला देणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. पण आयुष्यभर नियमाचं खाल्लं, लाल मार्गानं गेले आणि बिल दाखवलं. तेव्हाच्या नियमानं पन्नास हजार वजा करून उरलेल्यावर 38.5 टक्के, म्हणजे सुमारे 75,000 रुपये. तेही फुगवलेल्या बिलावर! साठ हजारांच्या अंगठीवर पंचाहत्तर हजारांची ड्यूटी भरणारी बाई मुंबई विमानतळावर त्या दिवशी मीच एकटी असेन.

परत मिळवायची खटपट केली. नकाशावरच्या हमीत दुरुस्ती आणि सदोष वस्तूची बदली होती; 'विचार बदलला' आणि 'किमतीबद्दल मतभेद' ही दोन कारणं स्पष्ट वगळलेली होती. दुकानाला ईमेल केला, उत्तर नम्र आलं: खडा खरा आहे ना? खराच होता. बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली, तर माझ्याच जुन्या सहकाऱ्यानं समजावलं की सही तुमची, वस्तू मिळाली, बिलावर 'विक्री अंतिम' छापलंय. यात बँक काय करणार? त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

यांची मात्र कमाल. अजूनही म्हणतात, "अगं, पण तुला शोभते." शोभते खरी. पण टांझानाइट मऊ, काठिण्य दहापैकी साधारण साडेसहा. रस्त्यावरच्या धुळीत त्याच्यापेक्षा कठीण वाळूचे कण असतात. 'रोज घाला काकू' म्हणाला होता. मी सहा महिने घातली, कणीक मळताना तेवढी काढून ठेवायचे. आता खड्यावर बारीक चरे दिसतात.

आता कोणी जोडपं क्रूझला निघालं की मी त्यांना बंदरावर उतरायच्या आधी केबिनमध्येच दोन गोष्टी ठरवायला सांगते. एक, दोघांनी मिळून कितीपर्यंत खर्च करायचा तो आकडा. दुसरं, एक खुणेचा शब्द. आमचा आता 'गॅस' आहे. "अहो, गॅस बंद केलाय ना?" असं कोणीही म्हटलं की दोघांनी निमूट दुकानाबाहेर पडायचं आणि रस्त्यावर आल्यावर बोलायचं. दुकानात वेगवेगळ्या टोकांना उभं राहायचं नाही. सेंट मार्टिनला, दुसऱ्याच दिवशी, तसल्याच दुकानात मला पुन्हा खुर्ची आणि सरबत मिळालं, तेव्हा यांनी गॅसचं विचारलं. फिलिप्सबर्गच्या भर बाजारात आम्ही दोघं पोट धरून हसलो.

जहाजावरचे बारीकसारीक खर्च यापुढे किरकोळ, पण बजेटमध्ये धरा. आमच्या जहाजावर माणशी दिवसाला 16 डॉलर टीप आपोआप खात्यात लागत होती, म्हणजे दोघांचे सात दिवसांचे 224. ड्रिंक्स पॅकेज एकानं घेतलं तर केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं असा पुष्कळ जहाजांवर नियम आहे. हे पीत नाहीत आणि मी तर नाहीच, त्यामुळे आम्ही वाचलो. मोबाइल विमान मोडवर ठेवा, समुद्रातलं रोमिंग फार महाग पडतं.

बिल करताना 'वॉरंटीसाठी' म्हणून त्यानं माझा व्हॉट्सॲप नंबर घेतला होता. वर्षभर काही नाही. पुढच्या जानेवारीत, चौदा तारखेला सकाळी, मी तीळ भाजत होते तेव्हा मोबाइल वाजला. निळ्या खड्यांच्या कानातल्यांचा फोटो होता. खाली मराठीत: "काकू, तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. तुमच्या अंगठीला मॅचिंग आलंय. फॅमिली प्राइस."