रोममधली संगमरवरी शिल्पं: पलाझ्झो मास्सिमो की मोन्तेमार्तिनी?

वेळ एकाच संग्रहालयापुरता असेल आणि शिल्प घडतं कसं हे समजून घ्यायचं असेल, तर तेर्मिनी स्थानकाजवळचं पलाझ्झो मास्सिमोच निवडा. १७८१ मध्ये सापडलेला लान्चेलोत्ती थाळीफेकपटू हा पुतळा आधी गाठा; ग्रीक शिल्पकार मायरॉनच्या शिल्पाची ही रोमन संगमरवरी प्रत. मायरॉनचा मूळ पुतळा ब्राँझचा होता. आतून पोकळ ब्राँझ पायांवर तोल सांभाळतं. तीच मुद्रा दगडात आणली की सगळा भार घोट्यांवर येतो आणि दगड तिथेच तडकतो. म्हणून रोमन कारागिरानं पायाला टेकून झाडाचा बुंधा कोरला. पुतळ्याला चारही बाजूंनी फेरी मारा, मगच त्या बुंध्याचं काम लक्षात येतं.

मोन्तेमार्तिनी हे १९१२ चं वीजकेंद्र, आता संग्रहालय. काळ्या डिझेल इंजिनांपुढे पांढऱ्या संगमरवराची प्रत्येक कड उठून दिसते. पाहण्याचं सुख इथे जास्त, हे मान्यच. बार्बेरिनी तोगाधारी, म्हणजे तोगा हा रोमन झगा घातलेल्या पुरुषाचा पुतळा, पूर्वजांचे दोन मुखपुतळे धरून उभा आहे. त्याचं स्वतःचं डोकं प्राचीन खरं, पण दुसऱ्याच पुतळ्याचं. मानेजवळ नीट पाहा.

इथे गर्दी कमी, मात्र मेट्रो बी मार्गानं गार्बातेल्लाला उतरून चालावं लागतं. सोमवारी दोन्हीकडे सुट्टी.