पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी, सहा महिन्यांनंतर: ‘आवळा’पेक्षा ‘सैल सोडा’ जड गेलं

परवा खानापूर-बेळगाव बसमध्ये खोकल्याची उबळ आली आणि साडी कोरडी राहिली. एरवी खोकलं की लघवी गळायची. म्हणून आज लिहायला बसले.

केगेल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे पेल्विक फ्लोअरचे, लघवी धरून ठेवणारे स्नायू आवळणं) काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही होता, आणि त्यानेच घोळ केला. पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही) दहा सिटिंगचे चार हजार आधीच घेतले. न तपासता मशीन लावलं, हातात इंग्रजी कागद दिला: आवळा, दहा मोजा. दोन महिने मी मन लावून आवळत होते. गळणं थांबलं नाहीच, वर माकडहाडापाशी ठणका लागला. उरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत. कष्टाचे पैसे होते, राग अजून गेलेला नाही.

फेब्रुवारीत दुसरीकडे गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी बराच वेळ नुसतं विचारलं: बाळंतपणं, बद्धकोष्ठता, पाणी किती पिता. आमच्या शाळेत बाथरूमची नीट सोय नाही. बारा वर्षं मी दिवसभर पाणी टाळतेय, आणि निघताना लागली नसली तरी जाऊन येते. या दोन्ही सवयींनी मूत्राशय बिघडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग दार लावून, परवानगी घेऊन, हातमोजा घालून आतून तपासलं. आपण नको म्हणू शकतो, तसं त्यांनी आधीच सांगितलं. स्नायू कमजोर होते, पण कायम आवळलेलेही होते. मिटलेली मूठ आणखी किती मिटणार?

पहिला महिना फक्त श्वास. श्वास घेताना ओटीपोटाचा तळ खाली उतरतो, सोडताना वर येतो. ‘सडिल बिडी, सडिल बिडी,’ (कन्नडमध्ये ‘सैल सोडा’) मॅडम म्हणत राहायच्या. श्वास घ्यायचे पाचशे रुपये? असं मी घरी म्हणाले होते. कर्नाटकात बायकांना बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे तिकीट शून्य, नाहीतर सोडलंच असतं.

ते बोलणं मागे घेते. ठणका उतरला तो श्वासानेच. त्यानंतर आवळणं: आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि दरवेळी तितकंच सैल सोडणं. खोकण्याआधी, घागर उचलण्याआधी क्षणभर आवळायचं. कमोडवर बसताना पायाखाली पाट, म्हणजे कुंथावं लागत नाही. लघवी मध्येच अडवून सराव करू नका. आणि तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका.

तक्रार एकच, पण मोठी. व्यायामाचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. बाकावर माझ्या शेजारच्या बायका मराठीच बोलत होत्या, आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवत होत्या. त्यात ‘सैल सोडा’ ही ओळ सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. पहिल्या कागदावर तर ती नव्हतीच! हा आजार आपण घरातसुद्धा कुजबुजत बोलतो, मग त्यावरचा कागद तरी आपल्या भाषेत नको? मी तो मराठीत हाताने लिहिला, ‘सैल सोडा’ सगळ्यात वर घेतलं, मॅडमकडून तपासून घेतलं. आता त्याच्या झेरॉक्स काउंटरवर आहेत.

गौरीच्या फुगडीला मात्र यंदा परवानगी नाही. उड्या दिवाळीनंतर, असं म्हणाल्यात.